पांढराशुभ्र फिल्टर

लाँड्रीच्या पिकअपने काळा धूर ओकायला सुरुवात केली आणि गल्लीतला प्रत्येक पुरुष रातोरात इंजिनाचा डॉक्टर झाला. ज्याला स्वतःच्या घरचा गळका नळ कधी दुरुस्त करता आला नाही, तोसुद्धा बॉनेटपाशी यायचा, कमरेवर हात ठेवायचा आणि "हं" म्हणायचा. एकदा "हं" म्हटलं की पुढे काहीतरी बोलणं भागच असतं, आणि बोलण्यात ही मंडळी कधी कमी पडली नाहीत.

काकू पायरीवर बसून ही जत्रा बघायच्या. काकू म्हणजे लाँड्रीच्या मालकीणबाई. पाटीवर नाव नवऱ्याचं, पण हौदात सोडा किती, नीळ किती आणि उधारी कुणाला नाही, हे सगळं ठरवायच्या त्या. नवऱ्याला सगळे "मालक" म्हणत. काकूही म्हणत, फक्त त्यांच्या तोंडून तो शब्द टोमण्यासारखा वाजायचा. मालकांनी एकदा कुणाचं तरी लोकरीचं स्वेटर उकळत्या पाण्यात टाकलं होतं. ते बाहुलीच्या मापाचं होऊन बाहेर आलं. काकूंनी गिऱ्हाइकाला नवं स्वेटर दिलं आणि ते आटलेलं काउंटरमागच्या खिळ्याला लटकवलं. तेव्हापासून मालकांनी कुठल्याही विषयात तोंड उघडलं की काकू नुसत्या त्या खिळ्याकडे बघायच्या. मालक तोंड मिटायचे.

तर सांगायचं काय, दुसऱ्याची चूक काकू जपून ठेवायच्या. आणि स्वतःची? स्वतःची चूक त्यांच्या हातून कधी झालीच नव्हती. निदान त्यांचं तरी असंच म्हणणं होतं, आणि ते खोडायची कुणाची छाती नव्हती.

लाँड्रीत हॉस्पिटलचं काम यायचं. चादरी, अभ्रे, टॉवेल, डॉक्टरांचे कोट, सिस्टर लोकांचे गणवेश. सकाळी मळकी गाठोडी यायची, दुपारनंतर पांढऱ्या घड्या जायच्या. आधी भाड्याचा टेम्पो होता. तो कधी यायचा, कधी नाही. शेवटी मालकांनी सेकंडहँड पिकअप घेतली, टर्बो डिझेल. "टर्बो" हा शब्द मालक असा म्हणायचे, की जणू तो यांच्याच आजोबांनी शोधून काढला असावा.

आता गाडी आली, पण चालवणार कोण? मालकांना तिन्हीसांजेनंतर दिसत नाही. त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे भाऊजी, विम्याचं काम करायचे. म्हणजे दिवसभर मोबाइल बघायचे आणि अधूनमधून कुणाला तरी मरणाची भीती घालायचे. लग्न नाही, कार्य नाही, दोन्ही वेळचं जेवण वहिनींकडे, तरी "मला कुठं वेळ आहे?" हे पालुपद कायम.

राहिली चिमी, काकूंची एकुलती एक. बारावीला दोनदा आपटली आणि त्यानंतर इस्त्रीच्या टेबलामागे जी बसली ती बसलीच. बावीस वर्षांची धडधाकट पोरगी, पण दिवसाकाठी चार शब्द बोलली तर पुष्कळ. "झाली घडी" हे त्यातले दोन. कुणी पाहुणा आला की चादरीआड व्हायची. काकूंना आतून तुटायचं, पण ते बोलून दाखवायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी एवढंच केलं, की चिमीला ड्रायव्हिंगच्या क्लासला घातलं. परवाना मिळाला त्या दिवशी घरात महाभारत झालं. मालक म्हणाले, पोरीच्या हातात एवढी गाडी? भाऊजी म्हणाले, लोक काय म्हणतील?

"पोरगी चालवेल," काकू म्हणाल्या, "नाहीतर गाठोडी तुम्ही दोघं डोक्यावरून न्या. मी बघते लोक काय म्हणतात ते."

किल्ली चिमीला मिळाली. आणि काय सांगावं, पोरगीच बदलली! हॉस्पिटलच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याला हात करायला लागली. अरुंद बोळातून गाडी उलटी अशी काढायची, की बघणारा तोंडात बोट घालेल. जेवताना स्वतःहून बोलायची, कुठल्या रस्त्यावर खड्डा पडला, कोण कसं मूर्खासारखं आडवं आलं. एकदा तर हौदाशी कपडे उतरवताना शीळ घालत होती. काकूंनी "बायकांनी शीळ घालू नये" म्हणायला तोंड उघडलं आणि काहीच न म्हणता मिटलं. त्यांच्या आयुष्यात असं क्वचितच झालं होतं.

धूर सुरू झाला तो यानंतर. पण त्याच्याही आधी एक गोष्ट घडली होती, ती आत्ताच सांगून टाकलेली बरी. नाहीतर तुम्हीही बॉनेटपाशी येऊन "हं" म्हणाल.

चिमीचा हात गाडीवर बसत होता तेव्हाच्या एका सुट्टीच्या दिवशी मालकांनी शेजाऱ्यांना दाखवायला बॉनेट उघडलं. आपल्याला काहीतरी कळतं हे दिसावं म्हणून एअर फिल्टर बाहेर काढला. कागदाचा, चौकोनी, बारीक बारीक घड्यांचा. इंजिनात जाणारी हवा त्यातून गाळून जाते आणि धूळ बाहेर राहते. तो त्यांनी बोलण्याच्या नादात, धड न बघताच धुण्याच्या कट्ट्यावर ठेवला आणि कुणाचा तरी फोन आला म्हणून गेले ते गेलेच. थोड्या वेळाने काकू कट्ट्याशी आल्या. बघतात तर काय, करडी, मळकट, धुळीने भरलेली एक वस्तू, आणि तीही त्यांच्या कट्ट्यावर! मळकी वस्तू दिसली आणि काकूंनी ती तशीच सोडली, असं कधी झालं नव्हतं. पायपुसणी, छत्र्या, देवघराचा पडदा, एकदा तर सुट्टी नाणीसुद्धा त्यांनी साबणाच्या पाण्यातून काढली होती. त्यांनी फिल्टर कोमट पाण्यात बुडवला, हलक्या हाताने धुतला, निळीतून काढला. कागद मऊ पडला, घड्या ढेपाळल्या. मग काय करायचं हे काकूंना कुणी शिकवायची गरज नव्हती. ढेपाळलेल्या कापडाला जे करतात तेच केलं. चांगली दाट खळ घातली, एकेक घडी बोटाने सोडवली आणि सावलीत वाळत ठेवला. वाळला तेव्हा असा कडक आणि पांढराशुभ्र झाला, की नव्या फौजदाराच्या गणवेशाने लाजावं. मग तो त्यांनीच बॉनेटखालच्या रिकाम्या खोक्यात बसवला आणि खटके लावले. डब्याचं झाकण लावण्याहून अवघड नव्हतं ते.

आपण फिल्टर बाहेरच विसरलो होतो हे मालकांच्या ध्यानातही नव्हतं. दोन दिवसांनी त्यांनी खोकं उघडलं आणि हरखलेच. "बघ! गाडी विकणाऱ्याने नवा कोरा फिल्टर घालून दिलाय. याला म्हणतात पारख!"

काकूंनी ओठ दाबून हसू गिळलं. आत्ता सांगितलं तर दोन मिनिटांची गंमत. हे ठेवून द्यावं, चारचौघांत मालक पारखीच्या बढाया मारतील तेव्हा काढावं. त्यांनी ते स्वेटरशेजारी, पण मनातल्या खिळ्याला, टांगून ठेवलं.

तिथून गाडी चढावर दमायला लागली. लाँड्रीपासून मोठ्या रस्त्याला जाताना एक चढ आहे. भरलेली गाडी त्या चढावर कण्हायची आणि मागून काळा धूर सोडायची. बघता बघता धूर इतका वाढला, की मागचा सायकलवाला दिसेनासा व्हायचा आणि दिसला की शिव्या द्यायचा.

झालं, निदान सुरू झालं. पहिला मान मालकांचा. मालकांचा जगातल्या सगळ्या माणसांवर सारखाच संशय. त्यामुळे त्यांच्या मते डिझेलात भेसळ होती. पंप बदलला, टाकी रिकामी करून धुतली. धूर तसाच. मग भाऊजी आले, मोबाइलवर इंजिनाचे व्हिडिओ बघून. "वहिनी, ही टर्बोची केस आहे," ते म्हणाले. टर्बोपासून इंजिनाकडे हवेचे पाइप जातात, ते कुठेतरी फुटले असणार. साबणाचं पाणी लावून बघायचं, बुडबुडे आले की गळती सापडली. लाँड्रीत साबणाला काय तोटा! भाऊजींनी सगळ्या पाइपांना इतका फेस लावला, की इंजिन दाढी करायला बसल्यासारखं दिसायला लागलं. गळती कुठेच नव्हती. भाऊजींचा शर्ट मात्र काकूंना धुवावा लागला.

शेजारचे बसकाका जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले. त्यांना इंजिनात रस नव्हता. त्यांच्या मते गाडीतला प्रत्येक रोग ड्रायव्हरपासून सुरू होतो. आणि त्यांच्या बसचे धूर? ते हवामानामुळे असायचे.

शेवटी खरा मेस्त्री आला. त्याने एक वाक्य मात्र बरोबर सांगितलं. "काळा धूर म्हणजे सरळ हिशोब. डिझेल जास्त आणि हवा कमी." यातलं "डिझेल जास्त" सगळ्यांनी ऐकलं. "हवा कमी"कडे कुणी लक्षच दिलं नाही, कारण हवेचं खोकं प्रत्येकाने सगळ्यात आधी उघडून बघितलं होतं. मालकांनी उघडलं, भाऊजींनी उघडलं, बसकाकांनी तर चष्मा पुसून बघितलं. मेस्त्रीनेही झाकण वर केलं, आत नजर टाकली आणि लगेच खाली केलं.

"वा! काय फिल्टर आहे! दुधासारखा. असा फिल्टर शोरूमच्या गाडीत नसतो."

पायरीवर काकूंची मान ताठ झाली. जन्मभर दुसऱ्यांचे कपडे धुतले, पण असं कौतुक कुणी केलं नव्हतं. आणि बघा कसे एकजात ठोंबे, यांना धुतलेलं आणि नवं यातला फरकसुद्धा कळत नाही! काकूंना त्या आठवड्यात जेवण फार गोड लागलं.

मेस्त्रीने इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर काढले, तपासायला पाठवले. ते ठणठणीत निघाले. धुराचा कुठला तरी झडपेसारखा भाग होता, तो काढून खरवडला. धूर तसाच. आता गाडीत काढण्यासारखं फार काही उरलं नव्हतं. आणि गाडीत दोष सापडेना, की माणसं काय करतात? माणसात शोधतात.

"कोण चालवतं गाडी?" मेस्त्रीने हात पुसत विचारलं.

सगळ्यांच्या माना चिमीकडे वळल्या. ती बॉनेटच्या दुसऱ्या बाजूला उभी होती, नखांत ग्रीस घेऊन.

"उतारावर धूर येत नाही," ती म्हणाली. "सपाटीलाही रिकामी असली तर फार नाही. चढावर भरलेली असली की गाडीला दम लागतो. मी पाय दाबते, पण ती ओढतच नाही. हवाच कमी पडत असेल."

"फिल्टर बघितलास का?" भाऊजी म्हणाले. "दूध! हवा कमी पडत असेल म्हणे. तूच म्हणतेस ना, पाय दाबते म्हणून? मग! दाबलास की डिझेल जास्त. निघाला की नाही धूर?"

"पाय जड आहे पोरीचा," बसकाकांनी निकाल दिला. "बायकांचा असतो. एकतर लावणार नाहीत, नाहीतर लावला की सोडणार नाहीत."

मेस्त्रीला इंजेक्टर उगाच काढल्याचं ओझं उतरवायचंच होतं. त्याने जोरजोरात मान डोलावली. पाचामुखी परमेश्वर म्हणतात. इथे चारांच्या मुखी होता, तरी काम झालं.

तरीही किल्ली त्या दिवशी गेली नसती. पण तेव्हाच हॉस्पिटलच्या मोठ्या सिस्टरांनी चिमीला बजावून पाठवलं होतं, की पुन्हा ही धूर सोडणारी गाडी वॉर्डच्या खिडक्यांखाली आली तर आम्ही दुसरी लाँड्री बघू. मालक घाबरले. घाबरलेला माणूस पटकन निर्णय घेतो आणि त्याला कणखरपणा म्हणतो. त्यांनी भाऊजींकडे मान वळवली आणि चिमीपुढे हात केला.

"उद्यापासून काका चालवतील. तू इस्त्रीला बस."

काकू उठल्या. "अहो, जरा थांबा की! पोरगी काय म्हणतेय ते..."

"तू यात पडू नकोस. तुला इंजिनातलं काय कळतं?"

काकूंनी खिळ्याकडे बघितलं, पण या वेळी मालकांनी तिकडे बघितलंच नाही. चिमीने किल्ली बापाच्या हातात ठेवली, नखांतलं ग्रीस पुसलं आणि आत निघून गेली. रडली नाही, भांडली नाही. काकूंना ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

चिमीने त्या शेवटच्या फेरीत टॉवेलांचं एक गाठोडं परत आणलं होतं. धुतलेलेच टॉवेल, पण हॉस्पिटलने नाकारलेले. ओला हात पुसला तर पाणी टिपतच नाहीत, अशी तक्रार. काकूंनी एक टॉवेल उचलला. कडक, पत्र्यासारखा. मालकांनी टॉवेलांचा घाणा कोटांबरोबर खळीच्या हौदात टाकला होता. आता मालक सापडले! किल्लीचा राग अजून ताजा होता, तो सगळा काकूंनी या टॉवेलावर काढला.

"अहो मालक! टॉवेलाला कुणी खळ घालतं का? इतकी वर्षं पाण्यात हात घालताय, की नुसते हातच भिजवताय? खळ घातली की छिद्रं बुजतात. छिद्रं बुजली की पाणी जात नाही, वारा जात नाही, काही म्हणजे काही आत..."

आणि काकू थांबल्या. तोंड उघडं, टॉवेल हातात. मालक पुढच्या वाक्याची वाट बघत खांदे पाडून उभे राहिले. सवयच होती त्यांना. पुढचं वाक्य आलंच नाही.

काकू तडक अंगणात गेल्या. गाडीचं बॉनेट उचललं, खटके काढले, फिल्टर हातात घेतला. पांढराशुभ्र, देखणा. आडोशाला जाऊन त्यांनी त्याला तोंड लावलं आणि फुंकर मारली. हवा गालात परत आली. गाल फुगवून, डोळे बाहेर येईस्तोवर फुंकलं. पलीकडे धरलेल्या हाताला वाऱ्याची झुळूकही लागली नाही. बिचारी गाडी इतके दिवस तोंडावर उशी दाबल्यासारखी चढ चढत होती.

"अगं आई गं," काकू पुटपुटल्या.

तेव्हाच आत जाऊन बोलल्या असत्या तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण आत मालक होते, नुकतीच टॉवेलांवरून बोलणी खाल्लेले. भाऊजी होते, ज्यांच्या फेसाची काकूंनी गल्लीभर टवाळी केली होती. भिंतीपलीकडे बसकाका. यांच्यापुढे जाऊन म्हणायचं, की मी इंजिनाला खळ घातली? त्यापेक्षा विहीर जवळ केलेली बरी! काकूंनी फिल्टर पिशवीत घातला आणि स्पेअर पार्टच्या दुकानात गेल्या. दुकानदाराने तो उलटापालटा करून बघितला, बोटाने टकटक वाजवला.

"काकू, ह्याला इस्त्रीपण केलीत का?" म्हणाला, आणि पोट धरून हसला.

काकूंच्या कानशिलांना आग लागली. गंमत आहे! जन्मभर दुसऱ्यांचं हसं केलं, पण स्वतःच्या वाट्याला आलं तेव्हा त्यांना ते घशाखाली उतरेना. त्यांनी नवा फिल्टर घेतला, कुणाचं लक्ष नाही असं बघून गाडीत बसवला. मनाशी म्हणाल्या, झालं. धूर गेला की प्रश्न गेला. किल्ली आपोआप पोरीकडे येईल. जुना फिल्टर मात्र त्यांनी सोड्याच्या पिंपामागे ठेवला. स्वच्छ वस्तू फेकून देणं त्यांच्या हातून होण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊजी गाडीत बसले. गाठोडी भरलेली, चढ समोर. गल्ली बघायला उभी. भाऊजींनी पहिला गिअर टाकला, गाडी भुर्रकन चढून गेली. मागे धुराचा ठिपका नाही.

त्यानंतर जे झालं ते काकूंच्या हिशोबात नव्हतं. बसकाकांनी टाळी वाजवली. मालकांनी "बघा!" म्हटलं. भाऊजी परत आले ते विमा सोडून पायावर प्रवचन देत. पाय कसा ठेवावा, अंगठ्यावर भार किती, टाचेवर किती. मेस्त्री मुद्दाम येऊन बघून गेला आणि गिऱ्हाइकांना सांगायला लागला, की हल्ली निम्म्या गाड्या पायामुळे बिघडतात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरानेच दोर आणून दिला होता.

काकूंनी बाहेरबाहेरून प्रयत्न केला. "आता धूर नाही ना? मग द्या की किल्ली पोरीला."

"पुन्हा बिघडवायला?" मालक म्हणाले.

"वहिनी, शास्त्र आहे हे," भाऊजी म्हणाले. एक पाय त्यांनी स्टुलावर ठेवला होता, देवळातल्या पादुका दर्शनाला ठेवाव्यात तसा.

रोज काकू ठरवायच्या, आज सांगू. आणि रोज भाऊजींचा तो पाय दिसला, की आल्या पावली वळायच्या. ह्या पायाच्या धन्यापुढे मान खाली घालायची? उद्या बघू.

असा आठवडा गेला. चिमी पुन्हा इस्त्रीच्या टेबलामागे. शीळ नाही, खड्डे नाहीत, फाटकावरचा पहारेकरी नाही. त्या दिवशी दुपारी काकू घड्या उचलायला गेल्या तर पोरगी स्टुलावर बसून होती. समोर काही नव्हतं, पण आपला उजवा पाय जमिनीवर हलकेच दाबत होती आणि उचलत होती. दाबत होती आणि उचलत होती.

"काय गं हे?"

"बघते," चिमी म्हणाली. "माझा पाय खरंच जड असेल का गं, आई? मला कळतच नव्हतं. मला वाटायचं, मला निदान हे एक तरी येतं."

काकूंच्या हातातल्या घड्या खाली पडल्या. धुतलेल्या चादरी जमिनीवर पडल्या आणि काकूंनी त्या उचलल्या नाहीत. त्या पिंपामागे गेल्या, फिल्टर काढला आणि अंगणात येऊन अशा ओरडल्या, की बसकाका चहाचा कप घेऊनच भिंतीपलीकडून आले.

"भाऊजी! किल्ली घेऊन या. मालक, तुम्हीही या. या, या, सगळे शहाणे या!"

सगळ्यांसमोर त्यांनी बॉनेट उघडलं, नवा फिल्टर काढला, खळीचा आत बसवला. "आता चढवा गाडी. तुमच्या त्या शास्त्रातल्या पायाने चढवा."

मागे गाठोडी भरलेलीच होती. भाऊजींनी अंगठ्यावर भार दिला, टाचेवर भार दिला. गाडी निम्म्या चढावर कण्हली आणि असा काळाकुट्ट धूर सोडला, की दोरीवरच्या डॉक्टरांच्या कोटांची पहिली ओळ करडी झाली. भाऊजी गाडी तशीच मागे अंगणात घेऊन आले आणि उतरले ते खोकत आणि स्वतःच्या पायाकडे बघत.

"पोरीचा पाय नाही," काकू म्हणाल्या. "हा फिल्टर मी धुतला. मी खळ घातली. यातून हवा जात नाही, मी फुंकून बघितलंय. चिमी म्हणत होती हवा कमी पडतेय, ती बरोबर म्हणत होती. तुम्ही सगळ्यांनी ह्याला दूध म्हणून ओवाळलंत आणि मी ऐकून घेतलं."

मग मालक हसले. आधी नाकातून, मग पोटातून. भाऊजी हसले, बसकाकांचा चहा सांडला. "इंजिनाला खळ! अहो, वहिनींनी इंजिनाला खळ घातली!" भाऊजींच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आणि गंमत बघा, मेस्त्री धरून चौघांनी चार वेळा तो फिल्टर डोळ्यांनी बघितला होता, हे हसणाऱ्यांतल्या एकालाही आठवलं नाही. "तरी मी म्हणत होतो," बसकाका डोळे पुसत म्हणाले, "कुठल्या तरी बाईचाच हात असणार." पोरीवरचा दोष आईवर गेला, एवढाच काय तो फरक. गल्लीला संध्याकाळच्या आत बातमी कळणार होती आणि काकूंना जन्मभर पुरणार होती.

काकूंनी ते सगळं मान ताठ ठेवून ऐकलं. नवा फिल्टर पुन्हा बसवला, खटके लावले. भाऊजींच्या हातातून किल्ली ओढून घेतली आणि चिमीपुढे धरली. हसू द्या मेल्यांना. पोरीला तिची किल्ली मिळाली ना? आता ती गळ्यात पडेल, असं काकूंना वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्या वाट बघत होत्या.

चिमीने किल्ली घेतली. आईकडे बघितलं.

"तुला कधी कळलं?"

"काय?"

"खळीमुळे धूर येतो हे. कधी कळलं?"

काकूंना खोटं बोलता आलं असतं. "तुझी किल्ली काढून घेतली, त्याच दिवशी."

"म्हणजे काका पहिल्यांदा गाडी घेऊन गेले आणि सगळे टाळ्या वाजवत होते, तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"मी आठवडाभर तुझ्यासमोर बसले होते, आई."

मागे पुरुषमंडळी अजून हसत होती.

"ह्यांना माहीत नव्हतं, म्हणून ते मला बोलले," चिमी म्हणाली. "तुला माहीत होतं."

ती गाडीत बसली. दोन्ही आरसे नीट केले, सीट पुढे ओढली आणि गाडी सुरू केली. पिकअप चढ सरळ चढून गेली, पाय अगदी हलका, मागे धुराची रेघ नाही. मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी चिमीने उजवीकडचा दिवा लावला, नेहमीसारखी थांबून दोन्हीकडे बघितलं आणि वळली. मागे मात्र तिने बघितलं नाही. काकूंनी दोरीवरचे काळे झालेले कोट एकेक करून काढले आणि पुन्हा धुवायला घेतले.